व्यासपीठावरून न मागता पुढचं व्याख्यान कसं मिळवायचं

व्याख्यान रंगलं, टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ मिळालं आणि नंतर तीन महिने फोनच आला नाही, असं नव्या व्याख्यात्यांच्या बाबतीत फार वेळा होतं. मग पुढच्या खेपेला बरेच जण भाषणाच्या शेवटी दोन मिनिटं काढून सांगतात, "मी शाळा-कॉलेजांतही कार्यक्रम करतो, कुणाला हवा असेल तर माझा नंबर घ्या." ही दोन मिनिटं आधीच्या तासाभराची मेहनत वाया घालवतात. श्रोता विषयासाठी आलेला असतो. मंडळाने वर्गणीतून किंवा देणगीतून हॉल घेतलेला असतो. त्या माइकवरून स्वतःची जाहिरात झाली की कार्यवाहांना अवघडल्यासारखं होतं, आणि पुढे तुमचं नाव सुचवायचं की नाही हे त्यांच्याच हातात असतं.

आपल्याकडे व्याख्यानाची वाट कशी चालते हे आधी लक्षात घ्या. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आजच्या गावोगावच्या मालांपर्यंत वक्ता ठरवणारी माणसं मोजकी असतात: मंडळाचे कार्यवाह, प्राचार्य, एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) कार्यक्रम अधिकारी, ग्रंथपाल, कंपनीतले एचआरचे लोक. नाव ठरवण्याआधी ते दुसऱ्या आयोजकाला फोन लावतात आणि चारच गोष्टी विचारतात. वेळेवर आला का? वेळेत संपवलं का? मानधनावरून ताणलं का? काही वादग्रस्त बोलला का? या फोनवर दुसऱ्या टोकाच्या माणसाला अर्ध्या मिनिटात तुमची शिफारस करता आली पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या अर्ध्या मिनिटाच्या तयारीसाठी आहेत.

१. तीन विषय पक्के करा, जास्त नाही

"कोणत्याही विषयावर बोलतो" म्हणणारा वक्ता कुणाला आठवत नाही. तीन विषय घ्या. प्रत्येकाला तीन ते सहा शब्दांचं नाव द्या आणि खाली पन्नास-साठ शब्दांत श्रोत्याला काय मिळेल ते लिहा. नाव फ्लेक्सवर आणि वर्तमानपत्राच्या एका ओळीत बसलं पाहिजे. "व्यक्तिमत्त्व विकास" किंवा "यशाची गुरुकिल्ली" या नावांखाली शेकडो लोक बोलतात. "गडावरचं पाणी: टाकी, तलाव, हिशेब" किंवा "सातबारा वाचायचा कसा" असं नाव ऐकलं की आयोजकाला लगेच सुचतं की हा विषय कुठे चालेल.

प्रत्येक विषयाच्या तीन लांबी तयार ठेवा: साठ मिनिटं, चाळीस मिनिटं आणि पंचवीस मिनिटं. व्याख्यानमालेत तास मिळतो, कॉलेजात तासिकेपुरती चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, रोटरी क्लबच्या साप्ताहिक सभेत वीस-पंचवीस. आणि साठ मिनिटं कबूल केलेल्या ठिकाणीही दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक आणि अध्यक्षांचं मनोगत लांबून चाळीसच उरतात.

२. तुमचा परिचय तुम्हीच लिहून द्या

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि सगळ्यात जास्त वेळा सुटते. तुम्ही काय करता, कुठे बोलता, हे तुमच्या तोंडून आलं की जाहिरात होते. तेच सूत्रसंचालकाने वाचलं की माहिती होते. म्हणून भाषणाच्या शेवटी सांगावंसं वाटणारं सगळं परिचयात आधीच घाला.

परिचय नव्वद ते शंभर शब्दांचा ठेवा. मोठ्याने वाचायला पाऊण मिनिट लागतं, त्याहून लांब परिचय सूत्रसंचालक मध्येच तोडतो. पहिल्या दोन वाक्यांत तुमचा या विषयाशी संबंध: किती वर्षं, कोणतं काम, कोणतं पुस्तक किंवा अभ्यास. तिसऱ्या वाक्यात तुम्ही कुठे बोलता: "या विषयावर ते ग्रंथालयं, महाविद्यालयं आणि साखर कारखान्यांच्या कामगारांसमोर बोलतात." शेवटचं वाक्य आजच्या विषयाकडे नेणारं असावं. पुरस्कारांची यादी नको. एकच पुरस्कार घ्या, तोही विषयाशी जुळणारा.

परिचय चार दिवस आधी व्हॉट्सअॅपवर पाठवा, मजकूर म्हणूनही आणि पीडीएफ म्हणूनही. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडली की अक्षरांचा कचरा दिसतो आणि सूत्रसंचालक ऐन वेळी गुगलवर शोधून काहीतरी वाचतो. कार्यक्रमाला जाताना मोठ्या अक्षरात छापलेल्या दोन प्रती खिशात ठेवा. एक सूत्रसंचालकाला द्या. दुसरी, पहिली हरवते म्हणून.

निमंत्रण पत्रिका आणि फ्लेक्स छपाईला जाण्याआधी प्रूफ मागवा. आडनाव, विषयाचं नाव आणि वेळ एवढंच तपासा. फ्लेक्सवर चुकलेलं आडनाव फोटोत, बातमीत आणि पुढच्या आयोजकाच्या मोबाइलमध्ये तसंच जातं, मग शोधणाऱ्याला तुम्ही सापडत नाही.

३. वर्षाचं पंचांग भिंतीवर लावा

व्याख्यानाची तारीख ठरते कार्यक्रमाच्या दोन-तीन महिने आधी. तुम्ही आठवड्यावर आलेल्या दिवसासाठी प्रयत्न करत असाल तर उशीर झालेला असतो.

जानेवारी ते मार्च हा सुगीचा काळ. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद, १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, २७ ला मराठी भाषा गौरव दिन, २८ ला विज्ञान दिन, ४ मार्चपासून कारखान्यांत सुरक्षा सप्ताह, ८ मार्चला महिला दिन. या तारखांची बोलणी दिवाळीनंतर लगेच सुरू झाली पाहिजेत. एनएसएसची सात दिवसांची निवासी शिबिरं बहुतेक कॉलेजं डिसेंबर-जानेवारीत घेतात. तिथे रोज एक बौद्धिक सत्र असतं आणि नव्या वक्त्याला शिरकाव मिळण्याची ती सगळ्यात सोपी जागा आहे. मानधन थोडं असतं, पण त्या कार्यक्रम अधिकाऱ्याच्या ओळखीत तालुक्यातली बाकीची कॉलेजं असतात.

एप्रिलमध्ये ११ आणि १४ तारखेच्या फुले-आंबेडकर जयंत्या, मग वसंत व्याख्यानमाला. पुण्याची माला एप्रिल-मेमध्ये असते, नाशिकची मे महिन्यात गोदाघाटावर. मोठ्या मालांत पहिल्याच वर्षी नाव लागावं ही अपेक्षा धरू नका. तालुक्याच्या ठिकाणच्या पाच किंवा सात पुष्पांच्या (म्हणजे व्याख्यानांच्या) मालेत एखादं पुष्प मिळणं जास्त शक्य आहे, आणि मोठ्या मालांचे लोक तिथूनच नावं उचलतात.

रोटरी आणि लायन्स क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. नवे पदाधिकारी मे-जूनमध्ये कार्यक्रमांची आखणी करतात, तेव्हाच तुमचं पत्रक त्यांच्याकडे असावं. गणेशोत्सव आणि नवरात्राच्या बैठका जुलै-ऑगस्टमध्ये होतात. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन शाळा आणि ग्रंथालयांसाठी, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन जवळपास सगळ्या सरकारी-निमसरकारी कार्यालयांसाठी. काही विद्यापीठांचे बहिःशाल शिक्षण विभाग, म्हणजे वर्गाबाहेरच्या लोकांसाठी व्याख्यानं घेणारे विभाग, आपल्याकडे वक्त्यांची यादी ठेवतात. तिथे एकदा अर्ज करून ठेवला की चौकशी परस्पर येते.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांसाठी ऑनलाइन बोलायचं असेल तर वेळेचा हिशेब पक्का करा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळचे अकरा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. हिवाळ्यात तेच साडेनऊ होतात, आणि हा एक तास विसरल्यामुळे कार्यक्रम फसतात.

४. बोलताना काय करायचं

मागायचं नाही, पण श्रोत्याला कळलं पाहिजे की हे व्याख्यान आपल्या संस्थेतही होऊ शकतं. त्यासाठी उदाहरणं कामाला येतात. "सातवीच्या मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं की..." या वाक्यातून समोर बसलेल्या मुख्याध्यापिकेला कळतं की तुम्ही शाळेत बोलता. असे उल्लेख तासाभरात दोन पुरे. ते खरे असले पाहिजेत आणि विषय पुढे नेणारे असले पाहिजेत. पाच-सहा झाले की तीही जाहिरातच वाटते.

शेवटची तीन मिनिटं पाठ ठेवा. वेळ कमी पडली तर मधला भाग गाळून थेट तिथे उडी मारता आली पाहिजे. ज्याला शेवट पाठ नाही तो "शेवटचा एकच मुद्दा" म्हणत पंधरा मिनिटं वाढवतो. हॉल साडेआठपर्यंतच मिळालेला असतो, रखवालदार दारात उभा असतो, आभारप्रदर्शन राहिलेलं असतं. त्या रात्री कार्यवाहांच्या मनात बसतं ते एवढंच.

श्रोत्यांसाठी एका पानाचं टिपण तयार करा. व्याख्यानातली आकडेवारी, तारखा, वाचायची पुस्तकं, घरी करून बघायच्या दोन गोष्टी. तळाला तुमचं नाव, विषय आणि फोन, लहान अक्षरात. दोनशे खुर्च्या असतील तर शंभर प्रती पुरतात, कारण घरटी एकच उचलली जाते. प्रती दाराशी ठेवा, जाताना घेतील. आधी वाटल्या तर लोक व्याख्यानभर कागद वाचत बसतात. टिपण खरोखर उपयोगाचं असेल तर ते महिनोन्महिने फ्रिजवर किंवा स्टाफरूमच्या फळ्यावर राहतं. नुसतं तुमचं माहितीपत्रक असेल तर हॉलच्या पायऱ्यांवर पडतं.

५. खाली उतरल्यावरचा अर्धा तास

आभार झाले की आयोजक चहासाठी आतल्या खोलीत नेऊ लागतात. नम्रपणे थांबवा आणि आधी पंधरा-वीस मिनिटं खाली, श्रोत्यांमध्ये उभे राहा. पुढचं व्याख्यान मिळण्याची खरी जागा ही आहे.

भेटायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना कौतुक करायचं असतं किंवा शंका विचारायची असते. त्यांना पूर्ण वेळ द्या. थोडे लोक बाजूला घुटमळतात आणि गर्दी कमी झाल्यावर पुढे येतात. संस्था चालवणारी माणसं बऱ्याचदा त्यांच्यातच असतात. प्रत्येकाला एक साधा प्रश्न विचारा: "तुम्ही कुठून आलात, काय करता?" उत्तर ऐका आणि खिशातल्या वहीत दोन शब्द टिपून घ्या.

"आमच्याकडे याल का?" असं कुणी विचारलं की नवा वक्ता आपलं कार्ड देऊन मोकळा होतो. कार्ड खिशात जातं आणि शर्टाबरोबर धुतलं जातं. तुम्ही त्यांचा नंबर घ्या. म्हणा, "नक्की येईन. साधारण कोणत्या महिन्यात मनात आहे? तुमचा नंबर द्या, उद्या संध्याकाळी फोन करतो." मानधनाचं बोलणं तिथे काढू नका आणि कुणी काढलं तर "उद्या निवांत बोलू" म्हणा. शेजारी आजचे आयोजक उभे असतात. त्यांनी दिलेला आकडा आणि तुम्ही सांगत असलेला आकडा वेगळा निघाला तर दोन्हीकडे मन दुखावतं.

त्याच घोळक्यात आजच्या मंडळाच्या कामाबद्दल चांगलं बोला. तुमच्यामुळे त्यांची मान उंच झाली की ते तुमच्यासाठी बोलतात.

६. पहिले दोन दिवस आणि आठवा दिवस

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कबूल केलेला प्रत्येक फोन करा. हा फोन चुकला की ती तारीख गेली असं समजा.

त्याच दिवशी कार्यवाहांना संदेश पाठवा. "खूप छान वाटलं" एवढंच न लिहिता एक नेमकी गोष्ट लिहा: प्रश्न विचारणारी मुलगी, वेळेवर सुरू झालेला कार्यक्रम, नीट लावलेला माइक. सोबत दोन चांगले फोटो आणि बातमी आली असेल तर कात्रण. आयोजकांना त्यांच्या अहवालासाठी हे लागतंच. कॉलेज असेल तर दोन दिवसांत स्वतःचा बायोडेटा आणि व्याख्यानाचा दहा ओळींचा सारांश पाठवा. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीत निमंत्रणपत्र, उपस्थिती, जिओटॅग केलेले (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो आणि अहवाल जोडावे लागतात. ते काम हलकं करणारा वक्ता प्राध्यापकांना फार आवडतो.

आठव्या दिवशी दोन गोष्टी मागा. पहिली, संस्थेच्या लेटरहेडवर अभिप्राय. "चार ओळी पुरेत: विषय, तारीख, श्रोत्यांची संख्या आणि कसं वाटलं" असं सांगितलं की लिहिणं सोपं जातं. दुसरी, नावं. इथे प्रश्न नेमका हवा. "कुणी असेल तर सांगा" या प्रश्नाला "हो हो, बघतो" एवढंच उत्तर येतं. असं विचारा:

"सर, नमस्कार. पाण्याच्या विषयावरचं हे व्याख्यान तालुक्यातल्या अजून दोन ग्रंथालयांत व्हावं अशी इच्छा आहे. तुमच्या ओळखीतले कोणते कार्यवाह याला योग्य वाटतात? तुमची हरकत नसेल तर तुमचं नाव सांगून मी त्यांना फोन करेन."

त्याच मंडळाकडून पुढच्या वर्षी बोलावणं यावं अशी आशा सहसा धरू नये. व्याख्यानमाला तेच नाव लागोपाठ घेत नाहीत, श्रोत्यांना नवं ऐकायचं असतं. म्हणून मंडळाकडे त्यांचं पुढचं वर्ष मागण्यापेक्षा शेजारच्या गावाचं नाव मागणं शहाणपणाचं.

व्याख्यानाला आलेल्यांचे नंबर परस्पर एखाद्या ग्रुपमध्ये टाकू नका. विचारून, हो म्हणणाऱ्यांचीच यादी करा. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. महिन्यातून एकच, विषयाशी संबंधित उपयोगी मजकूर पाठवा. सुप्रभातचे फोटो पाठवणारा वक्ता म्यूट होतो.

७. तीन मिनिटांची चित्रफीत

आयोजक तुम्हाला ओळखत नसेल तर तो आधी व्हिडिओ मागतो. स्टुडिओत कॅमेऱ्याकडे बघून केलेला व्हिडिओ इथे चालत नाही. खऱ्या हॉलमधला, खऱ्या श्रोत्यांसमोरचा हवा. आयोजकांची आधी परवानगी घ्या. मोबाइल ट्रायपॉडवर तिसऱ्या-चौथ्या रांगेच्या कडेला लावा. आवाजासाठी कॉलर माइक दुसऱ्या मोबाइलला जोडून खिशात ठेवा. हॉलच्या स्पीकरचा आवाज मोबाइलने पकडला की घुमतो आणि शब्द कळत नाहीत. नंतर दोन्ही जुळवून तीन मिनिटांचा तुकडा काढा. पहिल्या वीस सेकंदांत विषय सुरू झालेला असावा, सत्काराचं दृश्य नको.

पूर्ण व्याख्यान एकच यूट्यूबवर ठेवा. सगळी ठेवली की "लोकांनी ऐकलेलंच आहे" असं आयोजक म्हणतात. एकही नसेल तर तासभर बोलता येतं का याची खात्री त्यांना पटत नाही.

८. मानधन आणि लेखी खात्री

फोनवर तीन गोष्टी वेगळ्या सांगा: मानधन, प्रवासखर्च, मुक्काम. "तुम्ही द्याल ते" म्हटलं की पाकिटात पेट्रोलचेही पैसे निघत नाहीत आणि तक्रार करायला तोंड राहत नाही. शाळा-ग्रंथालयं, मोठ्या माला आणि कंपन्या यांसाठी तीन दर ठरवा आणि ते वर्षभर बदलू नका. आयोजक एकमेकांशी बोलतात. शाळेसाठी मानधन सोडायचं असेल तर जरूर सोडा, पण प्रवासखर्च घ्या आणि हे मानधनाशिवाय आहे हे पत्रात लिहा.

ठरल्यावर संदेशात तारीख, वेळ, हॉलचा पत्ता, विषय, लांबी, मानधन, प्रवासाची सोय आणि माइक-प्रोजेक्टर लिहून पाठवा आणि "मान्य" असं उत्तर मागवा. निवडणुकीच्या वर्षात एक ओळ वाढवा: आचारसंहितेमुळे कार्यक्रम पुढे गेला तर नवी तारीख दोघांच्या सोयीने.

कंपन्या आणि मोठ्या संस्था मानधनावर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापतात. एका संस्थेकडून वर्षात मिळणारी रक्कम ५० हजारांवर गेली की तो कापणं त्यांना बंधनकारक आहे. पॅन दिला नाही तर २० टक्के कापला जातो. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा झाली का ते आयकराच्या पोर्टलवर बघत राहा. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांवर गेली तर जीएसटी नोंदणी लागते.

एका फाइलमध्ये आणि मोबाइलवर हे तयार असू द्या:

- तीन विषयांचं एका पानाचं पत्रक
- शंभर शब्दांचा परिचय, युनिकोड आणि पीडीएफ
- साध्या पार्श्वभूमीचा, चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो (फ्लेक्सवर मोठा होतो, व्हॉट्सअॅपवरून आलेला फुटतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा)
- पॅन कार्डाची प्रत आणि रद्द केलेला धनादेश
- मानधनाच्या पावतीचा आणि बिलाचा कोरा नमुना
- लेटरहेडवरचे तीन-चार अभिप्राय
- चित्रफितीचा दुवा
- उद्यम नोंदणी (लहान उद्योग-व्यवसायांची सरकारी नोंदणी) प्रमाणपत्र. नोंदणी मोफत आहे, आणि कंपनीकडून पैसे ४५ दिवसांत मिळण्याचा कायदेशीर आधार त्याने मिळतो

९. वहीत काय लिहायचं

प्रत्येक कार्यक्रमासाठी एक ओळ: तारीख, संस्था, कार्यवाहांचं नाव आणि नंबर, विषय, श्रोते, मानधन, आणि शेवटच्या रकान्यात "हा कार्यक्रम कुणामुळे मिळाला". दहा-बारा ओळी झाल्या की या शेवटच्या रकान्यात तीच दोन-तीन नावं परत परत दिसायला लागतात. ज्यांच्यामुळे तारीख मिळाली त्यांना कार्यक्रम झाल्यावर फोन करून कसा झाला ते सांगा. बहुतेक वक्ते एवढंही करत नाहीत, आणि सुचवणाऱ्याला वाटतं की आपण सांगितलेलं वाऱ्यावर गेलं.

दुसरी नोंद नाकारलेल्या तारखांची. १९ फेब्रुवारीला तीन गावांतून बोलावणं येतं आणि ऐंशी किलोमीटरच्या अंतरावर दोन कार्यक्रम घेण्याचा मोह होतो. दुसरीकडे उशीर होतोच. एक घ्या, उरलेल्यांना दुसरा चांगला वक्ता सुचवा आणि नंबर लिहून ठेवा. बऱ्याच गावांत शिवजयंती फाल्गुन वद्य तृतीयेलाही होते. ती तिथी पंचांगात बघून त्याच मंडळांना त्याच फोनवर विचारा.